तिसऱ्या नंबरची ट्यूब

मंगळवार, सकाळी साडेनऊ. हजर: डॉक्टरबाई, मी, आणि बाकावर यादीतल्या सहा बायका. गैरहजर कोणी नाही. ती यादी माझ्या अक्षरातली, अजून माझ्याकडे आहे. त्या दिवशी काय चुकलं ते मात्र मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही.

रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात मी रक्ताचे नमुने घेते. तेव्हा आमच्याकडे एक अभ्यास चालू होता. लघवीच्या संसर्गाच्या पेशंटच्या रक्तातला एक घटक मोजायचा — शरीर जंतूंशी किती जोरात झुंजतंय, हे त्यावरून कळतं. आकडा चढलेला असेल तर भरती, नसेल तर गोळ्या देऊन घरी.

ट्यूबवर नाव कधी चिकटवायचं? रक्त घेतल्यावर, पेशंटच्या समोर. हा नियम लिहून भिंतीवर मीच लावला होता. न पाळणाऱ्यांना मीच झापायचे. आणि मी? सकाळीच यादी बघून सगळ्या ट्यूबना नावं चिकटवून त्या ओळीनं उभ्या करायचे. वेळ वाचतो ना.

तिसऱ्या होत्या काटोलच्या सुमनबाई. साठीच्या, शाल गुंडाळून बसलेल्या. "लय थंडी वाजून राहिली वं बाई," म्हणाल्या आणि ऐनवेळी बाथरूमला गेल्या. चौथी, कॉलेजातली मुलगी, मोबाइल बघत पुढे येऊन बसली. माझा हात सवयीनं तिसऱ्या ट्यूबकडे गेला. सुमनबाई परतल्या, त्यांच्यासाठी चौथी ट्यूब उरली — त्या मुलीच्या नावाची.

दुपारी तीनला रिपोर्ट आले. मुलीचा आकडा चढलेला, सुमनबाईंचा जवळजवळ नॉर्मल. मला कळलं का? लगेच. थंडीनं थरथरणारा सुमनबाईंचा हात रक्त घेताना मीच धरला होता. डॉक्टरबाईंची केबिन दहा पावलांवर — गेले नाही. भिंतीवरच्या त्या कागदाखाली माझी सही होती.

मुलीला तीन दिवस उगाच सलाईन लागलं. गोळ्या देऊन घरी पाठवलेल्या सुमनबाईंना पाचव्या दिवशी परत आणलं. संसर्ग रक्तात पसरलेला, दोन्ही किडन्या गेलेल्या.

तेव्हा तरी बोलले? तेव्हा तर नाहीच. डॉक्टरबाईंनी अभ्यासात लिहिलं — वयामुळे या पेशंटच्या शरीरानं प्रतिसाद दिला नसावा, म्हणून आकडा चढला नाही. सुमनबाईंनाही तसंच समजावलं. मी शेजारी उभी होते.

आता त्या आठवड्यातून दोनदा डायलिसिसला येतात. जाताना माझ्या टेबलाशी थांबतात. परवा पिशवीभर संत्री ठेवली. "मले तं आता किडनीपायी डॉक्टरनं संत्रं बंद केलं, तूच खाय. कोनाले बोल लावू वं? माह्याच आंगानं दगा देल्ला."

मी ती संत्री घरी नेली. खाल्ली.

उद्याची यादी झाली आहे. सुया मागवणे. फ्रिजचं तापमान नोंदवणे. सुमनबाईंना सांगणे. पहिल्या दोनांवर उद्या खूण होईल. तिसरं मी रोज दुसऱ्या दिवशीच्या कागदावर उतरवून घेते.