लोगोनंतरचे चार सेकंद

गणवेश मला नेमका बसला. नटाच्या आयुष्यात हे क्वचित होतं. एरवी शर्ट खांद्यात आवळतो, नाहीतर पाठीमागं पिना मारून घ्याव्या लागतात. हा निळा शर्ट माझ्या मापानं शिवल्यासारखा होता. कॉलरच्या आत मार्करनं टोकन नंबर लिहिलेला होता.

"कुणाचा आहे हा?" मी विचारलं.

"कंपनीचाच," सेफ्टी मॅनेजर देशमाने म्हणाले. "धुऊन आणलाय. काळजी करू नका."

कामगाराला गणवेशाचे दोन जोड मिळतात. हा शर्ट ज्याचा, त्या प्रकाशच्या अंगावर अपघाताच्या दिवशी एक होता. दुसरा लॉकरमध्ये राहिला होता. हे मला नंतर कळलं.

मी सांगवीत राहतो. पंचवीस वर्षं कॅमेऱ्यासमोर काम करतोय. मालिकांत नायिकेचा काका, गुन्ह्यांच्या कार्यक्रमात कधी इन्स्पेक्टर तर कधी प्रेत, शिवाय डबिंग. आणि चाकण-भोसरीच्या कंपन्यांच्या ट्रेनिंग फिल्म. या शेवटच्या कामाबद्दल मी फारसं कुणाला सांगत नाही. त्या वर्षी मालिकेतल्या काकांना अचानक दुबईला पाठवलं, म्हणजे मला घरी. त्यामुळं ही फिल्म मला हवी होती.

फिल्म अशी. कंपनीत प्रकाश नावाचा एक कामगार प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशिनवर, अपघातात गेला. तो अपघात पुन्हा करून दाखवायचा आणि नव्या भरतीला पहिल्या दिवशी, इंडक्शनला, दाखवायचा. प्रकाशचं काम मी करणार होतो. दिग्दर्शक होता निलेश, ताथवड्याच्या कॉलेजातून इंजिनीअर होऊन कॅमेऱ्याकडं वळलेला.

गुरुवार होता, कंपनीची सुट्टी. सकाळचे अकरा. एरवी ज्या शेडमध्ये कानात बोटं घालावी लागतात तिथं कबुतराच्या पंखांचा आवाज ऐकू येत होता. छताच्या पारदर्शक पत्र्यांतून उन्हाचे चौकोन जमिनीवर पडले होते. प्रेस ओळीनं उभे. प्रत्येकावर खंडेनवमीचा झेंडूचा हार वाळून लटकत होता. फक्त सात नंबरवर नव्हता.

मशिन दाखवायला कुरुळीचे सोपानकाका आले होते, जुने ऑपरेटर. मेन स्विच बंद करून त्याला त्यांनी स्वतःचं कुलूप घातलं, आणि प्रेस खाली येऊ नये म्हणून डायमध्ये, म्हणजे साच्यात, ठोकळा ठेवला.

"याला हार का नाही?" मी विचारलं.

"कोन घालनार? ज्याचं मशिन त्योच घालतो."

इथं एक गोष्ट सांगायला हवी. प्रेसला दोन बटणं असतात, लांब लांब. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली येतो. म्हणजे हात आत राहूच शकत नाहीत. पण पॅनेलवर एक चावी असते. ती फिरवली की बटणांऐवजी पायाच्या पेडलवर मशिन चालतं. काम भराभर होतं, पण हात मोकळे राहतात, आणि माणूस आत वाकू शकतो. स्क्रिप्टमध्ये होतं: प्रकाश चावी फिरवतो, अडकलेला पीस काढायला वाकतो, पाय पेडलवर पडतो.

मी मशिनसमोरच्या लाकडी पाटावर उभा राहिलो. पाट झिजून दोन खळगे पडले होते. माझे पाय आपोआप त्यात गेले. लाईट लावून होईपर्यंत मी तसाच उभा होतो. घाम आला, तो पुसला.

"पाव्हणं," सोपानकाका म्हणाले, "हे तुमास्नी कुनी शिकिवलं?"

"काय?"

"डाव्या मनगटानं घाम पुसायचं. त्यो असाच पुसायचा."

हातमोजे घातले की कुणीही मनगटानंच पुसेल, असं मी स्वतःला सांगितलं. मोजा काढून खिशात रुमाल शोधायला गेलो. रुमाल नव्हता. बोटं बाहेर आली ती पिवळी होऊन.

"जेजुरीचा भंडारा," काका म्हणाले. "कायम खिशात. धुऊन जात न्हाई त्यो." मग त्यांनी आवाज खाली आणला. "चावी त्यानं न्हाई फिरवली. त्याच्याकडं नव्हतीच. ती सुपरवायझरच्या खिशात असती. त्या दिशी माल अडला व्हता, तवा त्या सुपरवायझर सायबानंच पेडलवर टाकली."

मी देशमान्यांकडं गेलो. "साहेब, ही चावी सुपरवायझरकडं असते ना?"

त्यांनी शांतपणे माझ्याकडं पाहिलं. "तुम्ही नट आहात का फॅक्टरी इन्स्पेक्टर? चौकशी झालीये, कागद झालेत. तुमच्या हातात जे दिलंय ते फिरवा."

"दादा, ऊन सरकतंय," निलेश म्हणाला.

मी चावी फिरवली. इथवर मी स्वतःला माफ करू शकलो असतो. सांगितलं ते केलं, एवढंच. पण मी त्यात भर घातली. फिरवण्याआधी मान किंचित वळवून मागं पाहिलं, चोर बघतो तसं. हे स्क्रिप्टमध्ये नव्हतं. निलेशनं मागितलं नव्हतं. ती नजर माझी.

"काय दिलंत दादा," निलेश म्हणाला. देशमान्यांनीही मान डोलावली. आणखी फिल्म मिळतील असं मला वाटलं. सोपानकाका भिंतीकडं तोंड करून उभे होते.

शेवटचा शॉट जमिनीवर पडलेल्या प्रकाशचा. आमच्याकडं एक रीत आहे. मेल्याचा शॉट ओके झाला की नटानं उठून कॅमेऱ्यात बघून एकदा हसायचं. कॅमेरा तेवढ्यासाठी चालू ठेवतात. मरण कपड्यांबरोबर घरी येऊ नये म्हणून. मी उठलो, हसलो. ते हसणं पत्र्याला लागून परत आलं. जरा उशिरा आलं, आणि मला ते माझं वाटलं नाही.

मी वळून पाहिलं. काका निघून गेले होते. अंगठ्याचा पिवळेपणा तीन दिवस गेला नाही.

पाच महिन्यांनी सोपानकाकांचा फोन आला. ते रिटायर झाले होते. "कुरुळीला या. प्रकाशच्या मंडळींना बोलायचंय तुमच्याशी."

प्रकाशची बायको सुनीता. कंपनीनं तिला कँटीनमध्ये घेतलं होतं. नवीन माणूस म्हणून पहिल्या दिवशी तिलाही इंडक्शनला बसवलं. ती कोण, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

तिनं पाणी दिलं आणि समोर बसली. "अंगठा पिवळा दिसला तेव्हाच शर्ट ओळखला. मीच धुवायचे तो. ते चावी फिरवताना मागं बघतात, ते तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मी माझ्या मनानं केलं."

"घरात डब्यातला लाडू घेतानाही विचारायचे मला," ती म्हणाली. "अश्विनी आमची डिप्लोमा करतेय. जूनमध्ये तिथंच ट्रेनी लागणार. पहिल्या दिवशी तिलाही बसवतील. तिनं बापाला असं बघायचं का?"

मी पाणी न पिता खाली ठेवलं.

"आणि एक. शेवटी कंपनीचा लोगो येतो, पडदा काळा होतो. त्यानंतर ते उठतात आणि हसतात."

एडिटरचं माझं ते रीतीचं हसणं कापायचं राहून गेलं होतं. चार सेकंद.

"तोवर पोरं चहाला उठलेली असतात. दर सोमवारी इंडक्शन असतं, मी ट्रे घेऊन ते हसणं बघायला दारात थांबते. टोपीमुळं तोंड नीट दिसत नाही. तेव्हा तुम्ही नसता ते, हेच असतात."

दुसऱ्या दिवशी मी देशमान्यांच्या केबिनमध्ये गेलो. कागदावर लिहून दिलं: चावी सुपरवायझरकडं असते हे मला शूटिंगच्या आधी सांगितलं होतं, तरी मी ती फिरवली, आणि चोरटं बघणं मी माझ्या मनानं घातलं. खाली माझी सही, शेजारी सोपानकाकांची. एक प्रत फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या ऑफिसला दिली.

देशमान्यांनी कागद दोनदा वाचला. "यानंतर आमच्याकडं काम मिळणार नाही तुम्हाला."

"माहीत आहे," मी म्हणालो.

इन्स्पेक्टरच्या ऑफिसातून अजून उत्तर नाही. कंपनीनं काही कबूल केलं नाही. पण मे महिन्यात फिल्म नव्यानं कापली. चावीचा शॉट गेला. त्या जागी एक ओळ आली: चावी फक्त सुपरवायझरकडंच असेल. जूनमध्ये अश्विनीनं ती फिल्म पाहिली.

नवा एडिटर काटेकोर होता. लोगोनंतर आता काही नाही.

मी सुनीताताईंना फोन केला.

"कळलं मला," त्या म्हणाल्या. "मी आता चहा आधीच ठेवून येते."

नवे नट सल्ला मागतात तेव्हा मी दोनच गोष्टी सांगतो. आपल्या मनानं काही घालण्याआधी विचारा, हा माणूस खरा होता का. आणि शर्ट घालण्याआधी खिसे बघा.