मामांचं न सुरू झालेलं वर्ष

एखादी वस्तू सुरू न करता जपण्यात माझ्या बायकोच्या मामांचा हात धरणारा माणूस अजून जन्मायचा आहे. सिडकोतल्या त्यांच्या घरी फ्रिज जुना झाला, पण दारावरचा प्लॅस्टिकचा कागद अजून निघालेला नाही. आमच्या लग्नात दिलेला शर्ट तर 'चांगल्या प्रसंगा'ची वाट पाहत कपाटातल्या कपाटातच त्यांना तोकडा झाला. "वस्तू वापरायला काढली की संपायला लागते, जावईबापू," हे त्यांचं तत्त्वज्ञान.

अशा माणसाला मुलीने हायवेवरच्या थीम पार्कचा दोघांचा वार्षिक पास भेट दिला. मामींना उंच पाळण्यात बसायची भारी हौस. लहानपणी जत्रेत वडिलांनी 'पडशील' म्हणून बसू दिलं नव्हतं, लग्नानंतर मामांनी. पासाचं वर्ष कधीपासून धरतात, हे मामांनी मला विचारलं. मी मोबाईलवर नियम उघडला, पहिली ओळ वाचली आणि जाणकाराच्या थाटात सांगून टाकलं, "पहिल्यांदा आत जाल त्या दिवसापासून." झालं. मामांना अमरपट्टाच मिळाला. उन्हाळ्यात ऊन म्हणून, पावसाळ्यात पाळणे ओले म्हणून, मग पितृपक्ष म्हणून जाणं पुढे पुढे जात राहिलं. "वर्ष आपल्या खिशात आहे, घाई कसली?" मामी नुसत्या म्हणायच्या, "वर्ष खिशात आहे, गुडघे नाहीत."

एके दुपारी चहा पिताना बायकोने नियमाची दुसरी ओळ वाचली. ठरावीक मुदतीत पहिली एंट्री झाली नाही, तर पास बाद. मुदत त्याच दिवशी संपत होती. "माझ्या माहेरच्यांना अर्धंच वाचून दाखवता होय?" एवढंच ती म्हणाली.

मी दोघांना गाडीत कोंबलं. द्वारका चौकातल्या गर्दीत अडकलो, पुढे कांद्याच्या ट्रॅक्टरांमागे रांगलो.

"आज अमावास्या आहे," मामा पुटपुटले.

"मग पासाचं तेरावं चांगल्या दिवशी घालू," मामी म्हणाल्या.

गेट बंद व्हायच्या बेतात पोचलो. खिडकीतल्या मुलीने दोघांचे फोटो काढले, अंगठे घेतले आणि म्हणाली, "झाला सुरू. आजपासून वर्ष." नव्या गाडीला ओरखडा पडावा तसा मामांचा चेहरा झाला.

पाळणा मात्र चालू होता. मी खालून पाहत होतो. मामी दांडा सोडून मला हात करत होत्या. मामांनी डोळे मिटून एका हातात दांडा आणि दुसऱ्यात मामींचा पदर धरला होता. उतरल्यावरही पदर त्यांच्या मुठीतच होता. मग हळूच म्हणाले, "उद्या किती वाजता उघडतं हो?"

तेव्हापासून दर आठवड्याला जातात. मामींना आता पाळण्यापर्यंत जायला हाताचा आधार लागतो, पण चढताना त्या तो सोडून देतात. परवा मीच धीर एकवटून आठवण करून दिली, की पासाची मुदत जवळ आली. या वेळी नियम शेवटपर्यंत वाचला होता. मामा बुटाची नाडी बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "संपू द्या की. वापरून संपतोय."