डाग्नीची डावी बाहुली

डाग्नीच्या डाव्या डोळ्यातली बाहुली जन्मापासूनच गोल नव्हती. खाली ओघळून कुलपाच्या भोकासारखी झाली होती. लख्ख उजेडात त्या डोळ्याला प्रत्येक वस्तूची कड दुहेरी दिसे, आणि कॅनडातल्या सास्काचेवानच्या बर्फात उजेडाला काय तोटा? शाळेतली कार्टी "किल्ली आणलीस का गं?" म्हणून पिडायची. ती एकेकाला पुरून उरली; पण आपलाच डोळा आपल्याला फसवतो, ही सल काही गेली नाही.

बाप आयनार गहू पिकवायचा, पण त्याचा सगळा जीव कर्लिंगमध्ये. बर्फावरून वीस किलोचा दगड सरकवायचा, पुढे दोघांनी झाडूने बर्फ घासत त्याला वाट करून द्यायची, आणि वर्तुळाच्या मध्याशी ज्याचा दगड जवळ, तो जिंकला. काय दिवस होते ते. ओल्या लोकरीचा आणि तळलेल्या कांद्याचा तो वास आजही कुठे आला की डाग्नीचे पाय थबकतात.

जिल्ह्याच्या चषकाने आयनारला तीस वर्षं हुलकावणी दिली होती. डाग्नी सतरा वर्षांची झाली तेव्हा त्याने तिला संघात घेतलं, आणि अंतिम सामना त्याच्या शेवटच्या दगडावर येऊन ठेपला.

डाग्नी जीव खाऊन घासत होती. दगड बरोब्बर मध्यावर थांबला, गाव उठून उभं राहिलं, आणि तिने हात वर केला. तिथे पंच नसायचा. झाडू दगडाला लागला तर ज्याचं त्याने सांगायचं, आणि तो दगड बाद.

"लागला," ती म्हणाली. "मला दिसला."

समोरच्या संघाचा म्होरक्या मर्ल तोंड उघडणार, एवढ्यात आयनारने हातमोजा काढून त्याचा हात हातात घेतला. म्हणजे हार मानली. संघातले बाकीचे दोघे दातओठ खात राहिले.

गाडीत ती रडायला लागली. "बाबा, हाताला काहीच जाणवलं नव्हतं. नुसतं दिसलं."

"दिसलं ना? मग झालं. नाक पूस."

आयनार पुन्हा कधी अंतिम सामन्यापर्यंत पोचला नाही.

तो गेला तेव्हा दफनानंतर चर्चच्या तळघरात, सगळे अंड्याचे सँडविच खात असताना, म्हातारा मर्ल तिच्या शेजारी येऊन बसला.

"पोरी, तुझा झाडू लागला नव्हता. मी समोरच होतो. आयनारनेही पाहिलं होतं."

"मग बोलला का नाहीत तेव्हा?"

"बोलणारच होतो गं. पण तुझ्या बापाने हात असा आवळला, आठवडाभर बोटं दुखत होती. 'गावासमोर तिच्या डोळ्याला खोटं पाडू नकोस,' म्हणाला."

डाग्नीने कॉफीचा कप खाली ठेवला आणि भर माणसांत ढसाढसा रडली.