पडदा गेलेला फोन

सदाचा फोन बोटीवर बर्फाच्या पेटीत पडला, तेव्हा वाळवला की चालेल असंच त्याला वाटलं होतं. घरी आणून त्याने तो तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला. पण पडदा काळाच राहिला. श्रीवर्धनच्या बाजारातल्या दुकानदाराने फोन उलटापालटा करून पाहिला आणि नवा पडदा टाकण्यापेक्षा नवा फोनच घे, असं सांगितलं. सदाने नवा घेतला. जुना फळीवरच्या पत्र्याच्या डब्यात गेला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सगळं घर दचकून उठलं. डबा वाजत होता. बोटीवर जाण्यासाठी लावून ठेवलेला गजर फोनने आपल्या वेळेला बरोबर वाजवला होता.

"आज फेकूनच देतो याला," सदा म्हणाला.

"फेकू नको. मला दे." ही त्याची मोठी बहीण, किशोरी.

"तू काय करतेस त्याचं? काय दिसत न्हाय त्यात."

"मला दुसऱ्या फोनात तरी काय दिसतं?"

सदा हसला आणि त्याने फोन तिच्या हातात दिला. किशोरीने तो कानाशी धरला, मग दोन्ही तळव्यांमध्ये धरून बसली. आत काहीतरी अजून गरम होत होतं. हा मेलेला नाही, एवढं तिला कळलं.

किशोरीने चाळिशी ओलांडली होती. जीवना बंदराच्या कोळीवाड्यात ती जन्मली, तिथेच वाढली. बारावीनंतर टायपिंग शिकली आणि बाजारातल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये मुलांना शिकवायला लागली. दिवेलागणीच्या आधीच आपल्यापुरता अंधार पडतो, हे तिच्या लक्षात आलं होतं, पण सगळ्यांचंच असं होत असेल असं तिला वाटायचं. मग कडेचं दिसेनासं झालं. रस्त्यात बाजूने येणारी सायकल अंगावर आली की कळायची. मुंबईच्या डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घालून, दिवे मारून पाहिलं आणि आतला पडदा हळूहळू निकामी होतोय, त्यावर औषध नाही, असं सांगितलं. तिच्या लग्नाची एक बोलणी चालू होती, ती थांबली. तिशी गाठेपर्यंत तिच्याकडे दिवस आहे की रात्र एवढंच उरलं.

बोटं मात्र शाबूत होती. कळफलक तिला पाहावा लागतच नव्हता. ध्वनिमुद्रणं ऐकून ती टाइप करून द्यायची. कुणाच्या मुलाखती असत, कुणाची भाषणं, कुणाच्या संशोधनासाठी खेड्यापाड्यांत टिपलेलं बोलणं. लॅपटॉपमधला एक आवाज तिला पडद्यावरचं वाचून दाखवी, इतक्या वेगाने की घरातल्यांना ती नुसती तडतड वाटायची. अंध मित्रमैत्रिणींच्या एका गटातून तिला लिनक्स या फुकट संगणकप्रणालीची माहिती मिळाली. चित्रांवर बोट ठेवत बसायचं नाही; एक ओळ लिहायची, उत्तराची ओळ ऐकायची. पहिल्याच आठवड्यात तिला वाटलं, हे घर कुणीतरी आपल्यासाठीच बांधलंय. दार कुठे आहे ते बघावं लागत नाही, नाव घेतलं की उघडतं.

त्याच गटात कुणीतरी म्हणालं होतं की जुन्या फोनातही लिनक्स घालता येतं. सदाच्या फोनसाठी जगातल्या कुणा हौशी माणसांनी ते तयार करून ठेवलं होतं, फुकट. किशोरीने केबलने फोन लॅपटॉपला जोडला आणि सूचना ऐकत ऐकत एकेक ओळ लिहीत गेली. शेवटी फोन तिच्या मांडीवर एकदा थरथरला आणि गप्प झाला. थोड्या वेळाने लॅपटॉप म्हणाला की केबलच्या त्या टोकाला काहीतरी नवीन आलं आहे. तिने त्याला हाक घातली. फोनने पासवर्ड विचारला. तिने दिला, आणि ती आत गेली.

पडदा काळा होता की गोरा, याला आता काही अर्थच उरला नव्हता. आत ओळी होत्या आणि त्या तिला ऐकू येत होत्या.

फोन बोलता करायचा, एवढंच तिला हवं होतं. मराठीत बोलणारा एक छोटासा प्रोग्राम इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा होता. पण या फोनचं वायफाय लिनक्सवर चालतच नव्हतं. त्या हौशी माणसांनी तसं लिहूनच ठेवलं होतं. म्हणजे लॅपटॉपला इंटरनेट मिळवून द्यायचं आणि लॅपटॉपने ते केबलमधून फोनला पोचवायचं. आदल्या दिवशी तिने खिडकीत इंटरनेटचं डोंगल लावून खटपट केली होती, पण डोंगलला रेंज टिकेना. आज भावजयीचा मोबाइल मागून घेतला होता.

मैना, सदाची बायको, ओट्यावर बारीक कोलंबीसारखा जवळा निवडत बसली होती. हिवाळ्याची दुपार होती. तिच्या सासूबाई, किशोरीची आई सोनाबाई, भिंतीला टेकून डोळे मिटून उन्हात बसल्या होत्या.

"झाला का गं ताई चालू?" मैनाने विचारलं.

"नाही. मी हाक मारते, कोणी ओ देत नाही."

"कुणाला हाक मारतेस?"

मैनाला काही सांगायचं झालं तर किशोरी तिला कळेल असं सांगायची. तसं सांगताना पुष्कळदा तिलाही ते जास्त कळायचं. "फोनातून लॅपटॉपला हाक मारली तर ओ येते. लॅपटॉपमधून बाहेर हाक मारली तरी ओ येते. पण फोनातून थेट बाहेर मारली की काहीच येत नाही. ओहोटीला बोट धक्क्याला लागत नाही, तेव्हा मासळी कशी आणतात?"

"होडीत घालून."

"लॅपटॉप ती होडी. फोनचा माल घ्यायचा नि किनाऱ्याला द्यायचा. घेऊन जायला मी त्याला परवानगी दिली आहे. फोनलाही सांगितलंय की तुझा रस्ता होडीवरून जातो. माल जात असणार. पण तिकडून काही येत नाही."

मैनाचे हात जवळ्यातून एक खेकड्याचं पिल्लू काढून बाजूला टाकत होते. "पण तिकडच्या माणसाला ठाऊक कसं, माल कुठल्या बोटीचा? तो पैसे कुणाला पाठवील? होडीवाल्यानं आपला नाव सांगितला पाहिजे ना."

किशोरीची बोटं थांबली. हे तिला माहीत होतं. फोनचा पत्ता घरातल्या घरातला. बाहेरच्या जगाला तो ठाऊक नसतो. म्हणून लॅपटॉपने बाहेर जाताना आपलं नाव सांगायचं आणि उत्तर आलं की ते कुणाचं हे लक्षात ठेवून आत द्यायचं. तशी ओळ तिने लिहिली होती. पण ती लिहिली होती आदल्या दिवशी, खिडकीतल्या डोंगलसाठी. आज वाट मैनाच्या मोबाइलवरून होती, आणि होडीवाला नाव सांगायला अजून जुन्याच धक्क्यावर उभा होता.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. तिने ती ओळ पुसली, नवीन वाटेच्या नावाने पुन्हा लिहिली, आणि फोनातून हाक मारली.

लॅपटॉपची तडतड सुरू झाली. ओळीमागून ओळ. मैना हात झटकून जवळ आली.

"काय झाला?"

"ओ आली," किशोरी म्हणाली. "थांब. दूरच्या कुणाला तरी मारून बघते."

तिने समुद्रापलीकडच्या, खूप लांबच्या एका विद्यापीठाच्या यंत्राचा नंबर शोधला आणि त्याला हाक मारली. पुन्हा तडतड. या वेळी किशोरीने लॅपटॉपचा आवाज सावकाश केला, मैनालाही ऐकू यावं म्हणून, आणि उत्तराला लागलेला वेळ तिला सांगितला.

"एका सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात, मैना. जाऊन परत."

"कुठं जाऊन?"

"आपल्याकडे आता दुपार आहे ना? तिथे अजून रात्र संपलेली नाही."

मैनाने समुद्राकडे पाहिलं. ओहोटी होती आणि बोटी लांब नांगरलेल्या होत्या. "धक्क्यावरनं सदाला हाक मारली तर त्याची ओ येईपर्यंत यापेक्षा जास्ती वेळ जातो," ती म्हणाली.

"जातोच."

"आणि ह्या मोडक्या फोनातनं?"

"ह्याच फोनातून."

मैना परत जवळ्याकडे गेली नाही. किशोरीने पुन्हा हाक मारली, काही गरज नसताना, आणि दोघी ऐकत राहिल्या. प्रत्येक ओळ म्हणजे एक हाक समुद्रापार जाऊन आलेली. आपल्याला ओळखणारं तिथे कुणीही नाही आणि तरीही दर वेळी उत्तर येतं, याचं किशोरीला इतक्या वर्षांत कधी असं नवल वाटलं नव्हतं. रोज इंटरनेट वापरत असूनही त्या जाण्यायेण्याला तिने कधी कान लावला नव्हता.

पुढचं काम सोपं असायला हवं होतं. फोनला नंबर कळत होते, नावं कळत नव्हती. नावावरून नंबर कुणाला विचारायचा ते तिने एका ओळीत सांगून टाकलं. मग तो बोलणारा प्रोग्राम मागितला. फोनने नकार दिला. समोरच्याचं ओळखपत्र अजून लागू झालेलं नाही, असं त्याचं म्हणणं. तिने पुन्हा मागितला, पुन्हा तेच.

"अजून लागू झालेलं नाही म्हणजे काय?" ती स्वतःशीच पुटपुटली. मग तिच्या काय मनात आलं कोण जाणे, तिने फोनला आजची तारीख विचारली, आणि उत्तर ऐकून मोठ्याने हसली.

"काय गं?" सोनाबाईंनी डोळे उघडले.

"आये, या फोनला वाटतंय हे एकोणीसशे सत्तर साल आहे. यांची दिवसांची मोजणी तिथून सुरू होते. घड्याळ हरवलं की हे तिथे जाऊन बसतात. समोरचा आजचं ओळखपत्र दाखवतोय, आणि हा म्हणतो, हे तर पुढच्या काळातलं आहे, मी कसा विश्वास ठेवू?"

सोनाबाई भिंतीपासून जरा पुढे सरकल्या. मग म्हणाल्या, "सत्तर साली माझा लगीन झाला न्हवता. बाबांची शिडाची होडी होती. बर्फ न्हवता. उरल्या मासळीला मीठ लावायचा. वाड्यात रेडिओ एकाच घरात. आम्ही पोरी कुडाच्या बाहेर बसून ऐकायचो. मला वाटायचा, एवढ्याशा पेटीत माणूस बसला कसा." त्यांनी हात पुढे केला. "बघू दे तो फोन."

किशोरीने केबलसकट फोन त्यांच्या हातात दिला. सोनाबाईंनी काळ्या काचेवरून अंगठा फिरवला.

"आता त्याच्या सालात काय चाललंय?"

"जानेवारी महिना. सकाळ."

"म्हणजे जवळा आला असंल," सोनाबाई म्हणाल्या, आणि कोणी हसलं नाही.

किशोरी तारीख दुरुस्त करायची थांबली होती. सोनाबाईंनी फोन स्वतःहून परत दिल्यावरच तिने ती ओळ लिहिली. एका ओळीत एवढी वर्षं सरली. मग तिने प्रोग्राम पुन्हा मागितला, आणि या वेळी तो उतरायला लागला, तुकड्यातुकड्याने, मैनाच्या मोबाइलवरून लॅपटॉपात आणि लॅपटॉपातून केबलमधून फोनात. लॅपटॉप प्रत्येक तुकड्याचं नाव घेत होता. सगळं पोचलं तेव्हा ओट्यावरचं ऊन पायरीपर्यंत सरकलं होतं.

"काय बोलायला लावू?" किशोरीने विचारलं.

मैना लाजली. "माझा नाव."

पाणी शिरलेल्या स्पीकरमधून एक घोगरा, कोरडा आवाज म्हणाला, "मैना." जरा चुकीच्या जागी जोर देऊन म्हणाला, पण म्हणाला. मैनाने पदर तोंडाला लावला. मग किशोरीने आईचं नाव घातलं, सदाचं घातलं, बोटीचं घातलं. मग उद्याचा वारा आणि भरतीची वेळ शोधून घातली आणि फोनने तेही सांगितलं. सोनाबाई मान हलवत ऐकत होत्या, रेडिओवरच्या बातम्या ऐकाव्यात तशा.

संध्याकाळी बोट लागल्यावर सदा घरी आला. ओट्यावरून आपलाच टाकलेला फोन वाऱ्याची दिशा सांगतोय हे ऐकून तो चपला न काढता उभा राहिला. त्याने ते पूर्ण संपेपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, "परत लाव."

आता तो फोन ओट्याच्या खांबाला पिशवीत टांगलेला असतो. किशोरीने आपण काय काय केलं ते लिहून गटाला पाठवलं आणि आणखी काही जणांनी आपापले पडदा गेलेले फोन उघडले. एकाने कळवलं की त्याचा फोन आता त्याच्या आजोबांना बाजारभाव वाचून दाखवतो. फोनचं वायफाय अजून चालत नाही, म्हणून सकाळी केबल जोडावी लागते. ते काम मैनाने आपणहून घेतलंय. केबल खोचली की मैना ती दोन बोटांच्या चिमटीत धरून थोडा वेळ उभी राहते.

"काय करतेस?" किशोरीने एकदा विचारलं.

"बघते, आतनं काय जाताना हाताला कळतंय का."

"कळलं?"

"न्हाय."

किशोरीने हात पुढे करून केबल चाचपली आणि मैनाच्या बोटांशेजारी धरली. आत काहीतरी जात होतं, येत होतं. हाताला ते कळत नव्हतं. दोघी तशाच उभ्या राहिल्या.