काट्यावर न चढलेले नाना

मी लेखक नाही, हे आधीच कबूल करतो. तेहेतीस वर्षे जळगावच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले. त्या काळात लिहिल्या त्या प्रश्नपत्रिका आणि प्रयोगवहीवरचे शेरे. साठी उलटल्यावर एखाद्या माणसाचे चित्र शब्दांत उभे करायला बसणे हा माझ्याच दृष्टीने थोडा आगाऊपणा आहे. वाचकांनी तो पोटात घालावा. न लिहिता राहून पाहिले, वर्ष-दीड वर्ष पाहिले. त्याने मन निवले नाही. नाना गेले, आणि त्यांच्या जाण्यात माझ्या गप्प राहण्याचा वाटा किती, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

नानांना माणसाचे वजन नुसते पाहून कळत असे. ते मूळचे धुळ्याकडचे. पण जळगावातल्या एका जिनिंगमध्ये त्यांची हयात काट्यावर गेली. कपाशीच्या गाड्या तोलायच्या, सरकी काढलेल्या रुईच्या दाबून बांधलेल्या गाठी तोलायच्या. निवृत्तीनंतर मेहरुण तलावाच्या रस्त्यावर पहाटे धावणाऱ्या आम्हा पाच-सहा जणांत ते एक दिवस येऊन मिसळले. आमच्यातले एक शेठजी, कापडाचे दुकानदार, तिथे बुटांची नाडी बांधत होते. नानांनी डोळे बारीक करून त्यांच्याकडे पाहिले आणि म्हणाले, "ब्याण्णव. बुटांसकट."

शेठजी भडकले. "नव्वद आहे! कालच पाहिलं."

"कालचं तुम्ही सांगता शेठ, मी आत्ताचं सांगतो. रात्री लग्नाला होता ना?"

शेठजी खरोखरच लग्नाला गेले होते. त्या दिवसापासून नाना आमचे झाले.

स्वतः मात्र ते कधी काट्यावर उभे राहिले नाहीत. जिनिंगमधला त्यांचा नेम होता की तोलणाऱ्याने काट्याच्या पाटाला पाय लावायचा नाही. गाडीवाल्या शेतकऱ्याला शंका यायला नको, की याने पायाने दाब दिला. तीस-पस्तीस वर्षे पाळलेला हा नेम त्यांच्या अंगात इतका मुरला होता, की शेठजींनी तलावावर नवा काटा आणून आम्हा सर्वांना दर रविवारी त्यावर चढवायला सुरुवात केली तेव्हाही नाना बाजूला उभे राहून आकडा वाचत. "तुम्ही चढा ना नाना," म्हटले की हात जोडत. "माझा पाय नको. सवय नही." आम्ही हसायचो.

माझे दुखणे वेगळे होते. माझ्या वडिलांचे डोळे साखरेच्या विकाराने गेले. माझ्याही रक्तात ती चढू लागली तेव्हा डॉक्टरांनी ऐंशी किलोच्या आत यायला बजावले, आणि मी वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी धावू लागलो. चौऱ्याण्णवचे शहाऐंशी झाले आणि तिथेच गाडी रुतली. आठवड्यातून पाच दिवस आठ-आठ, दहा-दहा किलोमीटर धावत होतो. शिरपूरची एकवीस किलोमीटरची शर्यतही रडतखडत पुरी केली. पाच महिने काटा शहाऐंशीवरून हलला नाही. मी अंतर वाढवले, पोळी कमी केली, रात्रीचे जेवण सोडून पाहिले. घरात चिडचिड करू लागलो. पत्नी एकदा म्हणाली, "तुमचं वजन उतरेल तेव्हा उतरेल, पण आवाज तेवढा उतरवा."

मी स्वभावाने संकोची. कुणाला आपणहून काही विचारणे मला जमत नाही. चुकीच्या बसमध्ये बसलो तरी वाहकाला विचारण्याऐवजी शेवटच्या थांब्यापर्यंत जाणारा मी माणूस. नानांनाही मी विचारले नव्हते. त्यांनीच एका रविवारी धावणे संपल्यावर जाहीर केले, "आज सरांच्या घरी भरीत खायला येतो. सांजपर्यंत बसतो." आणि खरोखरच बसले. मला वाटले, म्हातारा एकटा आहे, कंटाळला असेल. बायको वारल्यानंतर ते एकटेच राहत. लेक धुळ्याला होती.

सायंकाळी पायांत वहाणा घालताना त्यांनी निकाल दिला. "सर, गाडी भरलेली तोलायची, मग रिकामी करून तोलायची. तेव्हा माल कळतो. तुम्ही भरलेलीच तोलली. रिकामी पाहिलीच नही."

मला अर्थ लागला नाही. तेव्हा ते अहिराणीवर आले; रंगात आले की ते नेहमी येत. "दीड तास पयतस, आन् बठ्ठा दिस बसी ऱ्हातस!"

दीड तास पळता, आणि बठ्ठा दिस, म्हणजे सगळा दिवस, बसून राहता. आणि तो त्यांनी माझ्यासमोर उलगडून ठेवला. सकाळी धावून आलो म्हणून मी आंघोळीनंतर दोन तास झोपलो होतो. कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला स्कूटर काढली होती. गच्चीवर वाळत घातलेले कपडे पत्नीने आणले, कारण 'मी आज दहा किलोमीटर केले.' त्याच कारणासाठी तीन केळी आणि भरतासोबत एक जादा भाकरी. धावण्याने जे काही जात होते ते मी सूर्यास्तापर्यंत बसून आणि खाऊन इमानेइतबारे परत आणत होतो, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मी शास्त्राचा प्राध्यापक! माझ्या वहीत दीड तासाचा तपशील मिनिटागणिक होता. उरलेल्या साडेबावीस तासांची एक ओळ नव्हती.

"आणि रोज एकाच चालीने धावता," नाना म्हणाले. "अंगाला ते पाठ झालं. आता ते त्याला काम मोजतच नही."

त्यांनी मला पाचऐवजी तीनच दिवस धावायला लावले. त्यातल्या एका दिवशी तलावाच्या चढावर जीव खाऊन वर आणि चालत खाली, असे आठ वेळा. एक दिवस पाण्याच्या भरलेल्या कळशा घेऊन गच्चीचे जिने. स्कूटरची किल्ली पत्नीच्या ताब्यात. दुपारची झोप बंद, रात्रीची पुरी. सोडलेले रात्रीचे जेवण त्यांनी परत सुरू करायला लावले. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, एक भाकरी, वरण आणि भाजी. "उपाशी जनावर गाडी ओढत नही, सर." पहिले तीन आठवडे काही झाले नाही. चौथ्या रविवारी शेठजींच्या काट्यावर पंचाऐंशी दिसले, आणि नानांनी तो आकडा लिलावात पुकारावा तसा पुकारला.

आता मला ते लिहायचे आहे, ज्यासाठी एवढे लिहिले.

माझे वजन उतरू लागले तसे नानांचेही उतरू लागले. आधी कुणाच्या ध्यानात आले नाही, कारण सगळे माझ्याकडे पाहत होते. मग शेठजी म्हणाले, "वा नाना! शिष्याबरोबर गुरूही सडपातळ!" कुणी म्हणाले, "नाना तर पंचविशीतले दिसायला लागले." नाना हसत. "कापूस वाळला," म्हणत. "ओलावा उडाला, बस."

मी ऐंशीच्या आत आलो तो जानेवारीतला रविवार होता. एकोणऐंशी किलो सहाशे ग्रॅम. शेठजींनी सर्वांना पोहे आणि जिलबी मागवली. तलावाच्या कठड्यावर आम्ही बसलो होतो. नानांनी स्वेटर काढला आणि मी पाहिले की सदऱ्याच्या आत त्यांचे खांदे कपड्यांच्या टांगणीसारखे दिसत होते. कमरेच्या पट्ट्याला हाताने पाडलेली दोन नवी भोके होती. त्यांनी पोह्यांचे दोन घास खाल्ले आणि बशी शेठजींकडे सरकवली. त्या सकाळी धावताना ते दोनदा थांबून बसले होते. कारण विचारल्यावर बुटात खडा गेला म्हणाले होते. दोन्ही वेळा बूट काढला नव्हता.

हे सगळे मी पाहिले. मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना सांगत आलो की आधी नीट निरीक्षण करा. माझ्या जिभेवर प्रश्न आला होता, शब्दही ठरले होते: नाना, तुम्ही डॉक्टरांकडे गेला होतात का? मग वाटले, इतक्या लोकांसमोर कसे विचारावे. वाटले, ते रागावतील. आणखीही एक गोष्ट वाटली, आणि ती लिहिताना हात अडतो: मला त्यांचा हेवा वाटला. मी एवढ्या कष्टाने सहा किलो उतरवले आणि हा माणूस काही न करता माझ्या पुढे गेला. मी म्हणालो, "नाना, तुम्ही तर मलाही मागे टाकलंत. आम्हालाही सांगा की गुपित."

नाना माझ्याकडे पाहत राहिले. त्या नजरेला मी तेव्हा थट्टा समजलो. मग म्हणाले, "जिलबी खा सर. आज तुमचा दिवस आहे."

उन्हाळ्यात त्यांचे येणे थांबले. लेक त्यांना धुळ्याला घेऊन गेली होती. जठराचा कर्करोग होता. पावसाळ्याच्या शेवटी मी भेटायला गेलो, तेव्हा खाटेवर आमचे नाना असे काही उरलेच नव्हते. डोळे तेवढे तेच. मी दारात उभा राहताच ते म्हणाले, "अठ्ठ्याहत्तर." खरोखर अठ्ठ्याहत्तरच होते.

लेक चहा करायला आत गेली. नानांनी मला एक हकीकत सांगितली, जी आधी कधी सांगितली नव्हती. जिनिंगमध्ये ते गोदामातल्या बांधलेल्या गाठीही अधूनमधून पुन्हा तोलत. लोक हसत, की आज तोललेली गाठ उद्या काय बदलणार? एकदा एक गाठ दोन किलो कमी भरली. चोरी म्हणावी तर पट्ट्या जशाच्या तशा. हात लावला तर थंड. नानांनी हट्टाने ती मोकळ्या मैदानात नेऊन फोडायला लावली, आणि आतून धूर आला. दाबलेल्या रुईच्या पोटात ठिणगी राहिली होती. बाहेर काही न दिसता ती आठवडाभर आत खात होती.

"अडलेल्या वजनाचं काही नही, सर," ते म्हणाले. "फुकट उतरलं की गाठ फोडून पाहायची."

मग ते अगदी हलक्या आवाजात, जणू काट्यावरचा आकडा वाचावा तसे, म्हणाले, "तुमले दिसनं व्हतं ना?"

"हो," मी म्हणालो. "जानेवारीतच दिसलं होतं."

"मंग बोलनात का नही?"

त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. त्या हाताला काही भार नव्हता. "मालेबी दिसनं व्हतं," ते म्हणाले. "पट्ट्याला भोकं मीच पाडली ना? वाटलं, कुणी विचारलं तर जाऊ डॉक्टरकडे. कुणी विचारलंच नही. बठ्ठे शाबासकीच देत होते."

लेक चहा घेऊन आली, म्हणून आम्ही पावसाविषयी बोलू लागलो. निघताना ती मला फाटकापर्यंत सोडायला आली. तिला काही ठाऊक नव्हते, सहज बोलावे तसे बोलली, "डॉक्टर म्हणाले, जानेवारी-फेब्रुवारीत आणलं असतं तर काही करता आलं असतं. पण सर, बाबा तिकडे एकटे. त्यांच्याकडे पाहणारं कोण होतं?"

दिवाळीच्या आधी नाना गेले.

मी अजून धावतो, तीन दिवस, त्यांनी आखून दिले तसेच. रक्तातली साखर ताब्यात आहे; डॉक्टर माझे उदाहरण इतरांना देतात. नाना डावी टाच किंचित घासत धावत. तलावाच्या चढावर कधी कधी तो आवाज माझ्या मागे येतो, आणि मी वळून पाहत नाही. काटा अडकून राहिला की मला आता बरे वाटते. शंभर ग्रॅम जरी उतरला, तरी दिवसभर मी ताटातल्या अन्नाकडे, पट्ट्याच्या भोकांकडे, आरशातल्या खांद्यांकडे पाहत असतो. ज्या गोष्टीसाठी पाच महिने तळमळलो, तिचीच भीती घेऊन जगतो आहे.

माझ्या संकोचाने एक माणूस गेला, असे म्हणणे कदाचित स्वतःला फार महत्त्व देणे होईल. पत्नी तसेच म्हणते. शेठजी म्हणतात, आम्ही सगळेच तिथे होतो. ते खरे आहे. पण खांदे मी पाहिले, न काढलेला बूट मी पाहिला, आणि प्रश्न माझ्या जिभेवर होता. म्हणून हे कागदावर मांडून मी आपल्यासमोर ठेवतो. कारण आयुष्यात कुणाला काही आपणहून विचारायची माझी ही पहिलीच वेळ आहे. त्या रविवारी, तलावाच्या कठड्यावर, हातात जिलबीची बशी घेऊन तुम्ही माझ्या जागी असतात, तर तुम्ही विचारले असते का?