आवाज नंतर भरू

काशिनाथदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पूर्णा गावातल्या गोदामात खोकी मोजत होतो. सकाळचे दहा चाळीस झाले होते आणि मी एकशे बारापर्यंत आलो होतो. मालतीवहिनी एवढंच म्हणाल्या, "सुरेश, दादा ऱ्हायला न्हाय रं..." फोन चालूच होता आणि मागची घरातली गडबड ऐकू येत होती. मी पुन्हा एकपासून मोजायला लागलो. दोनदा चुकलो, मग यादी सोबतच्या माणसाच्या हातात दिली आणि कोनला घरी निघालो. पहाटे दादांच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. वय सदुसष्ट. आज त्याला एकेचाळीस दिवस झाले.

दादा माझे शेजारी, आणि त्याआधी एकाच कारखान्यातले. चोवीस लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, त्या कारखान्यात गोदामात लागण्याआधी मी बावीस वर्षं कापडाचे तागे मोजले आणि ते जॉबर होते, म्हणजे बिघडलेला लूम दुरुस्त करणारे. त्यांचं काम मी रोज पाहायचो तरी त्याची सवय मला कधी झाली नाही. लूमच्या आवाजाने त्यांचे दोन्ही कान केव्हाच गेले होते. चालत्या लूमच्या लोखंडावर ते तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि पाचसहा सेकंदांत बोट दाखवायचे. बोट दाखवलेल्या जागीच दोष निघायचा. मला मोजायची खोड, म्हणून एक वर्ष मी खुणा करून ठेवल्या होत्या. एकशे सदतीस वेळा त्यांनी हात ठेवला, त्यांतल्या तीन वेळा चुकले. तिसऱ्या वेळी मी हसलो तर म्हणाले, "हसतोस काय? त्यो लूमच खोटं बोल्ला."

दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी ते वहीचं एक पान घेऊन घरी आले. त्यावर लूमचे छत्तीस बिघाड क्रमाने लिहिले होते. धोटा उडणे, काठ तुटणे, बीम अडकणे... म्हणाले, "ह्ये सगळं मोबाइलवर टाकायचं. कारखानं बंद व्हाया लागलंत, जॉबरही संपलं. उद्या कुनाचा एखादा लूम बंद पडला, तर त्यानं कुनाकडं जायचं?" मला व्हिडिओ बनवण्यातलं काही येत नव्हतं, पण नाही म्हणायचं सुचलंही नाही.

पहिला व्हिडिओ आम्ही चालत्या कारखान्यात केला. दादांनी चौदा मिनिटं सगळं नीट समजावलं, मी मोबाइल धरून ऐकलं. घरी येऊन पुन्हा पाहिला, सगळं समजत होतं. नाव दिलं, खाली माहिती लिहिली, अपलोड केला. दुसऱ्या दिवशी सात जणांनी एकच गोष्ट लिहिली होती. त्यांतल्या मालेगावच्या एकाने लिहिलं, "चाचा, सिर्फ लूम सुनाई दे रहा है, आप नहीं." मी व्हिडिओ पुन्हा लावला आणि डोळे मिटून ऐकला. खरंच, दादांचा एक शब्दही नव्हता. कारखान्यात माणसं एकमेकांचं बोलणं कानांनी ऐकतच नाहीत, ओठ बघून समजून घेतात. बावीस वर्षांत ते इतकं अंगात मुरलं होतं, की मी चौदा मिनिटं ओठ वाचत बसलो आणि मला वाटलं, आपण ऐकतोय! दादांना सांगितलं तर ते पोट धरून हसले. "मी बहिरा, ह्ये ठाऊक होतं. तू कवापासून?"

पण अडचण हसण्यासारखी नव्हती. लूम बंद केला तर बोलणं ऐकू येतं, पण बिघाड दिसत नाही. चालू ठेवला तर बिघाड दिसतो, बोलणं बुडतं. मी म्हटलं, चित्र कारखान्यात घेऊ आणि आवाज घरी बसून वेगळा भरू. पण ज्याला ऐकू येत नाही त्याने चालत्या चित्राबरोबर बोलायचं कसं? दादा टीव्हीसमोर बसले. मी आवाज पूर्ण बंद करून व्हिडिओ लावला, त्यांच्यासमोर दुसरा मोबाइल ठेवला. पडद्यावरच्या स्वतःच्याच ओठांकडे बघत ते बोलायला लागले. पूर्ण चौदा मिनिटं बोलले. मी दोन्ही जोडताना फक्त सुरुवात जुळवली आणि शेवटी किती फरक पडतो ते पाहायला बसलो. फरक नव्हता. शेवटचा शब्द शेवटच्या ओठावर बसला होता. मी तीनदा तपासलं. वहिनी म्हणाल्या, "त्यात काय यवढं? लग्नापासनं असंच हाय. माझं कधी ऐकत न्हाय, पन सगळं समजतं त्याला."

मग कामाची एक रीत बसली. स्टँड जमिनीवर ठेवला की कारखान्याच्या हादऱ्याने चित्र थरथरायचं, म्हणून मोबाइल मी हातात धरायचो. दर दोन मिनिटांनी काचेवर सुताचा भुगा बसायचा, तो बनियनच्या तुकड्याने पुसायचा. घरात नेटवर्क नव्हतं, तेव्हा अपलोड करायला गच्चीवर जायचं. दादांचे दोन नियम होते. पहिला, कामाशिवाय एक सेकंदही व्हिडिओत नको. दुरुस्ती झाली, लूम चालला, की तिथेच कापायचं. दुसरा नियम फार अवघड होता. चालता लूम मुद्दाम बिघडवायचा नाही. यादीतला बिघाड आपोआप होईल तेव्हाच शूटिंग. त्यामुळे कधी आठवड्यात दोन व्हिडिओ व्हायचे, कधी दीड महिना एकही नाही. एकदा मालेगावच्या त्याच माणसाने कळवलं, की चार दिवस बंद पडलेला लूम आमचा अकरावा व्हिडिओ पाहून सुरू झाला. दादांनी मला लिहायला लावलं, "किती वेळ चालला ते सांगा. अर्ध्या तासात परत थांबला, तर माझं चुकलं."

सव्वीस व्हिडिओ झाले आणि शेठने सांगितलं, की कारखाना विकलाय. पाच आठवड्यांनी लूम भंगारात जाणार आणि जागेवर गोदाम उभं राहणार. यादीतले दहा बिघाड बाकी होते. त्या दिवसापासून दादा सकाळी सातला कारखान्यात जाऊन बसायचे, जणू आजारी माणसाच्या उशाशी. मी सुट्टी टाकून आणि ड्युटी बदलून जमेल तेवढं जायचो. मी म्हटलं, "दादा, एक नट ढिला केला की बिघाड होईल. महिन्याने भंगारातच जायचंय सगळं." त्यांनी माझे ओठ वाचले आणि तोंड फिरवलं. मग परत वळून म्हणाले, "भंगारात जानार म्हनून आजच भंगार समजू? त्यावर मानूस काम करतोय. त्याचा कपडा खराब व्हईल." लूमवर नसीमभाई होता, दादांनी त्याच्याकडे हात केला तेव्हा त्याने समजून मान हलवली.

आणि लूमही जणू त्यांचं ऐकत होते. पाच आठवड्यांत नऊ बिघाड आपोआप झाले. इतक्या वर्षांच्या माझ्या अनुभवानुसार त्यांतले तीन तर वर्षातून एखाद्या वेळी होणारे. याला मी काय म्हणावं ते मला आजही ठरवता येत नाही. मी आकड्यांचा माणूस, योगायोग म्हणून गप्प बसतो. एकोणिसाव्या क्रमांकाचा बिघाड मात्र शेवटच्या संध्याकाळपर्यंत झाला नाही. स्विच पडला, चोवीस लूम थांबले. दादांनी वहीच्या पानावर एकोणिसाव्यासमोर "झाला नाही" असं लिहिलं, खाली सही केली. त्या नऊ व्हिडिओंचं फक्त चित्र झालं होतं. म्हणाले, "आवाज नंतर भरू. त्याला आता कुठं लूम लागतोय? मी हाय नि टीव्ही हाय."

पाचांचा आवाज भरून झाला. चार राहिले.

तेराव्यानंतर वहिनींनी मला बोलावलं. म्हणाल्या, "तुला त्याचे ओठ कळतात. तुझा आवाज दे. लोक वाट बघतात." मी टीव्हीसमोर त्यांच्याच जागी बसलो आणि एक व्हिडिओ पूर्ण बोललो. जोडून पाहिलं, तर शेवटी चार सेकंद मागे पडलो होतो. मला ऐकू येतं, तरी मी मागे... पुन्हा केलं, तीन सेकंद. मग आवाजाचा नाद सोडला आणि त्यांचं बोलणं चित्राखाली अक्षरांत लिहायचं ठरवलं. रोज संध्याकाळी थोडं थोडं. शेजारी वहिनी भाजी निवडत बसायच्या. जिथे दादांनी लूमकडे तोंड फिरवलंय आणि ओठ दिसत नाहीत, तिथे मी काही लिहिलं नाही, फक्त टिंबं ठेवली. चार व्हिडिओंत अशा सहा जागा आहेत, मिळून एकोणीस सेकंदांच्या. तिथे काय बोलले असतील याचा अंदाज मला होता. पण तो माझा अंदाज झाला असता, त्यांचं बोलणं नाही.

गेल्या रविवारी शेवटचा व्हिडिओ लिहायला घेतला. आठ मिनिटं चाळीस सेकंदांवर लूम चालू होतो, दादा हात पुसतात. इथे कापायचं. पण त्या दिवशी मी मोबाइल बंद करायला उशीर केला होता. बॅटरी किती उरली ते पाहत होतो बहुतेक. त्या वाढीव सात सेकंदांत दादा लूमकडून माझ्याकडे वळतात आणि काहीतरी बोलतात. मी तेव्हा त्यांच्याकडे पाहिलंच नव्हतं. म्हणजे ते बोलणं कोणीच ऐकलेलं नाही. मी ते परत परत लावलं.

"काय बोल्ला रं?" वहिनींनी विचारलं.

"म्हणतात, सुऱ्या, हात भरून आला असंल. बस थोडा."

वहिनींनी भाजीचं ताट बाजूला ठेवलं.

त्यांच्या नियमाप्रमाणे ते सात सेकंद कापायचे होते. मी कापले नाहीत. खाली जसंच्या तसं लिहिलं, गच्चीवर गेलो आणि अपलोडला लावला. बावीस मिनिटं लागली. तेवढा वेळ मी टाकीच्या कठड्यावर नुसता बसून राहिलो.