कंडक्टरबाईंचे आठ शॉक

हिंगोलीतल्या माझ्या दवाखान्यात त्या दोन वर्षं येत होत्या. एसटीत कंडक्टर, वय चाळिशीचं. डिप्रेशनवर एकामागून एक तीन औषधं पुरेशा डोसात देऊन झाली, पण आजार हटत नव्हता. त्या उन्हाळ्यात तर त्यांचं बोलणंच थांबलं. नवरा चमच्यानं वरणाचं पाणी भरवायचा, तेवढंच पोटात जायचं.

मी विजेच्या शॉकचा विषय काढला. नवरा शेतकरी, शांत माणूस. त्यांनी आधी एकच विचारलं.

"मॅडम, पिच्चरमधी दाखवतेत तसं बांधून देतेत का?"

"नाही. भूल देऊन. त्यांना काही कळणार नाही. पण थोडी आठवण जाऊ शकते, तेही आधीच सांगते."

"मग तिलाच इचारा."

मी बाईंजवळ खुर्ची ओढली आणि सगळं पुन्हा सावकाश सांगितलं. खूप वेळानं त्यांनी होकाराची मान हलवली.

पहिल्या शॉकला मी नवऱ्याला दारात उभं राहू दिलं. स्नायू ढिले करणारं इंजेक्शन दिलेलं असतं, त्यामुळे अंगाला झटके बसत नाहीत. झटका किती वेळ टिकला ते कळावं म्हणून एका पायाला पट्टा बांधून औषध तिथवर पोचू देत नाही, त्यामुळे तेवढंच पाऊल हलतं. ते अर्धा मिनिट थरथरलं आणि थांबलं.

"एवढंच?"

"एवढंच."

चार शॉक झाले, फरक दिसेना. मी वरून धीर देत होते, आतून धास्तावले होते. पाचव्यानंतर त्या शुद्धीवर आल्या, नवऱ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "दाढी काहून केली न्हाई?"

ते तसेच बाहेर गेले. तासाभरानं गुळगुळीत दाढी करून परतले.

आठ शॉकनंतर भूक आली, झोप आली. पण त्यांच्या नेहमीच्या आखाडा बाळापूरच्या गाडीचे मधले थांबे त्यांना आठवेनात. "थांबेच न्हाई आठवले तर ड्युटी कशी करू?" म्हणून त्या रडल्या. बहुतेक आठवणी परततात, एवढंच मी सांगू शकले. मग दर रविवारी नवरा त्यांना त्याच गाडीनं नेऊ लागला. खिडकीशी बसून त्या एकेक थांबा मोठ्यानं म्हणायच्या. थांबे परतले. लेकीच्या शाळेतल्या नाचाचा दिवस मात्र आजही आठवत नाही. नवऱ्यानं सांगितला तसा त्यांनी तो मनात ठेवलाय.

दिवाळीआधी त्या ड्युटीवर गेल्या. गोळ्या चालू आहेत, महिन्याला येतात. मागच्या खेपेला मी झोपेबद्दल विचारत होते, तर त्या घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "मॅडम, जरा लवकर. अडीचची गाडी हाय माझी."

मी भराभर गोळ्यांचा कागद लिहून दिला.